डिशवॉशरखाली पाणी दिसलं तर
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

लादीवर पाणी दिसलं की हात आधी पोतेऱ्याकडे जातो. पण पुसण्याआधी मशिनच्या लाइनचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरचा स्विच, खाली करा. मशिनचा प्लग बहुतेक घरांत ओट्याखालीच असतो. ओल्या लादीवर उभं राहून तो उपटायला जाऊ नका. त्यानंतर मशिनला पाणी देणारा नळ बंद करा. नळ बंद करायच्या आत, वीज गेलेली असूनही मशीन पाणी भरतच होतं असं दिसलं, तर पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह अडकलेला आहे. वीज नसताना तो बंदच राहायला हवा. अशा वेळी नळ तसाच बंद ठेवून आम्हाला बोलवा.

एरवी मात्र फोन करण्याआधी एक गोष्ट बघून ठेवा: पाणी नेमकं कधी आलं? कुठे आलं, हे आपल्या घरांत फसवं असतं. स्वयंपाकघराच्या लादीला उतार असतो, त्यामुळे गळती मागच्या पाइपला आणि डबकं पुढच्या पायाशी, असं आम्ही कितीतरी वेळा पाहिलं आहे. वेळ मात्र फसवत नाही. मशीन सुरू होऊन पाणी भरतानाच थेंब पडू लागले तर संशय नळाकडच्या पाइपवर. भांडी धुतली जात असताना मध्येच आलं तर फेस, दार किंवा आतला पाणी फवारणारा फिरता पंखा. शेवटी घरघर करत पाणी बाहेर टाकताना आलं तर सांडपाण्याचा पाइप. मशीन बंद असताना आलं तर पुन्हा नळाकडची बाजू.

हे कळण्यासाठी लादी कोरडी करून मशिनच्या पुढच्या कडेखाली आणि बाजूला वर्तमानपत्राचे कागद सरकवा, कडेवर पेनाने पुढे, डावीकडे, उजवीकडे असं लिहा. मग छोटा प्रोग्राम लावून समोर बसा. थोडा वेळ जाईल, पण निम्मं निदान तिथेच होतं.

आता फेसाविषयी, कारण आम्हाला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ते याच बाबतीत. एका घरी पाणी दाराखालून येत होतं म्हणून आम्ही दाराचं रबर बदललं. चार दिवसांनी पाणी पुन्हा तसंच. दुसऱ्या फेरीत मशीन चालू असताना दार उघडून पाहिलं, तर आत फेसाचा ढीग. डिशवॉशरची पावडर संपली म्हणून हाताने भांडी घासायचं लिक्विड घातलं जात होतं. त्या गृहस्थांच्या रबराचे पैसे आम्ही परत केले, आणि तेव्हापासून रबराला हात लावण्याआधी काय घालता ते विचारतो. हाताचं लिक्विड फेस व्हावा म्हणूनच बनवलेलं असतं, मशिनची पावडर फेस होऊ नये म्हणून. फेस चढला की तो दाराच्या खालच्या कडेतून वाट काढतो.

पावडर योग्य असली तरी ती जास्त झाली तर फेस होऊ शकतो. गोव्यात ओपा किंवा अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येणारं नळाचं पाणी नदीचं, फारसं जड (क्षारांचं) नाही. हलक्या पाण्यात कमी पावडर पुरते. पाकिटावर लिहिलेलं माप जड पाण्याचं असेल, तर त्याहून कमी घालून बघा. चमक आणणारं रिन्स एड भरताना बाहेर सांडलं असेल तर तेही पुसून घ्या. उकड्या तांदळाच्या पेजेचं पातेलं न विसळता आत ठेवलं तर त्या स्टार्चनेही फेस वाढतो. फेस झालाच तर मशीन थांबवून पाणी बाहेर टाकण्याचा प्रोग्राम लावा, उरलेला फेस वाटीने काढा, तळाशी एक चमचा खायचं तेल घालून रिकामं मशीन एकदा नुसत्या पाण्यावर चालवा.

फेस नसेल तर दार बघा. रबराच्या खालच्या वळणात खोबऱ्याचा कीस, माशाचा खवला, आमसुलाचा तुकडा अडकलेला असतो. एवढ्याशा फटीतूनही पाणी येतं. कोमट पाण्यात जुना टूथब्रश बुडवून रबर साफ करा. ते चिरलेलं किंवा कडक झालेलं असेल तरच बदलावं लागतं. फिल्टरही त्याच वेळी काढून धुवा. चवथीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं तेव्हा तो रोज धुतलेला बरा. फिरता पंखा हाताने फिरवून पाहा: एखाद्या ताटाला अडत असेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर पाण्याची धार थेट दारावर बसते. मशीन पुढे कललेलं असलं तरी पाणी दाराकडे साचतं. जुन्या घरांच्या लादीवर हे हटकून होतं. लेव्हल लावून पुढचे पाय फिरवा, काम होतं.

पाइपांची गोष्ट वेगळी. नळाच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळला जातो, पण तो जोड आट्यांनी नव्हे, आतल्या रबरी वॉशरने पाणी धरतो. वॉशर बदला आणि प्लास्टिकची नट हाताने घट्ट करा, पान्याने आवळलीत तर ती तडकते. घरात प्रेशर पंप बसवला असेल तर हा जोड महिन्याने एकदा हाताने चाचपून पाहा. नळाकडच्या टोकाला चौकोनी डबी असलेला पाइप कापू नका, काही मॉडेलमध्ये त्यात विजेची तार असते. मागचा सांडपाण्याचा पाइप पावसाळ्यात उंदीर कुरतडतात, आणि समुद्राजवळच्या घरांत लोखंडी क्लिप गंजून सैल पडते.

घर काही महिने बंद असेल तर पंपाचं सील सुकतं आणि पहिल्या धुण्यात थोडं पाणी येऊ शकतं. रिकामं मशीन एकदोनदा चालवून पाहा, तरीही थांबलं नाही तर सील गेलं. आत तळाशी राहणारं वाटीभर पाणी मात्र काढू नका, ते सील ओलं राहावं म्हणूनच असतं.

बॉशच्या मशिनवर ई१५ दिसलं आणि पंप थांबेचना, तर खालच्या ट्रेमध्ये पाणी साचलं आहे. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. वीज आणि नळ बंद करा, ते काम आमचं. दाराला सिलिकॉन किंवा एम-सील तर कधीच लावू नका, नंतर ते खरवडताना चांगलं रबरही फाटतं.

फोन बिलावरच्या नंबरवर करा. मॉडेलचा नंबर दाराच्या कडेवर असतो, तो, पाणी कधी आलं ते, आणि पावडर कोणती घालता ते सांगा. लागणारा भाग आम्ही सोबतच घेऊन येऊ. भिजलेले कागद टाकून देऊ नका, आम्ही आल्यावर आधी तेच बघतो.