सोलापुरात मदत मागितली की आधी कार्डाचा रंग का विचारतात

१ जुलै २०२४ पासून राज्य सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्यांना खुली झाली, रेशन कार्ड पिवळं असो केशरी असो नाहीतर पांढरं, वर्षाला कुटुंबामागं पाच लाखापर्यंतचे उपचार मोफत. तरी अजून सोलापूरच्या पूर्व भागात कुणाला अॅडमिट करायचं म्हटलं की गल्लीतला जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "कार्ड कुठलंय?" ही सवय कुठनं लागली ते बघायला लई मागं जायची गरज नाही.

गिरण्यांच्या काळात प्रश्न वेगळा होता, कामाला कुठं आहात. मिलमध्ये असाल तर ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा दवाखाना, रेल्वेत असाल तर रेल्वेचं हॉस्पिटल आणि बाकी सगळ्यांना सिव्हिल. बिडी वळणाऱ्या बायकांसाठी १९७६ ला कल्याण निधीचा कायदा झाला, बिडीवरच्या सेसमधनं, म्हणजे जादा करातनं, दवाखाने, पोरांच्या स्कॉलरशिप, घराला मदत असं सुरू झालं, पण त्याला बिडी कामगाराचं ओळखपत्र लागायचं आणि घरात बसून दुसरीच्या नावावर बिड्या देणाऱ्या बाईकडं ते कुठनं येणार. (तो सेसही २०१७ ला जीएसटी आल्यावर गेला.) मिल बंद पडत गेल्या, माणसं यंत्रमागावर गेली, तिथं बऱ्याच जणांचं हजेरीपटावर नावच नाही, मग ईएसआय कसली. म्हणजे कामावरनं मिळणारा दवाखाना हळूहळू सुटत गेला आणि हातात राहिलं ते रेशन कार्ड.

तर १ मे १९९९ ला राज्यात तीन रंगाची कार्डं आली. वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारापर्यंत असेल तर पिवळं, त्याच्या वर एक लाखापर्यंत केशरी, एक लाखाच्या वर पांढरं. हे सगळं गहू, तांदूळ, रॉकेल कुणाला किती द्यायचं यासाठी होतं, ऑपरेशनचा त्यात काही संबंध नव्हता. गंभीर आजारासाठी त्याच्या दोन वर्ष आधी, १९९७ ला, जीवनदायी योजना आली होती पण ती दारिद्र्यरेषेखालच्यांपुरती, त्यामुळं फार कुणाच्या कामाला आली नाही. नाव मात्र टिकलं, आजही म्हातारी माणसं "जीवनदायीत बसतंय का बघ की" असंच म्हणतात.

खरा वाद २ जुलै २०१२ च्या निर्णयाचा. राजीव गांधी जीवनदायी योजना, म्हणजे आजचीच महात्मा फुले योजना, पहिल्या टप्प्यात फक्त आठ जिल्ह्यात सुरू झाली आणि त्यात सोलापूर होतं, गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड आणि मुंबईचे दोन जिल्हे आपल्याबरोबर. बाकी राज्याला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. दीड लाखापर्यंत खर्च, ९७१ प्रकारचे उपचार, हॉस्पिटलात योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसलेला, कॅशलेस. आणि पात्रता कशावर? पिवळ्या आणि केशरी कार्डावर. सरकारची बाजू अशी की नवीन सर्व्हे करायला वर्ष जातील, कार्ड घरोघरी आहे, तेच वापरा. ते चुकीचं नव्हतं, सुरुवात लवकर झाली ती त्यामुळंच, आणि हार्टच्या ऑपरेशनसाठी घर विकायची वेळ अनेकांवरनं टळली हे कुणी नाकारू नये.

पण धान्यासाठी केलेला कागद ऑपरेशनच्या दारावर लावला की काय होतं ते सोलापूरनं सगळ्यात आधी बघितलं. मिल चालू असताना नाहीतर सोसायटीचा बोनस मिळायच्या दिवसात ज्यांचं कार्ड पांढरं झालं ते पुढं मागावर रोजंदारी करत असले तरी कागदावर श्रीमंतच. एक लाखाची मर्यादा १९९९ ला ठीक होती, ती वर्षानुवर्ष तशीच राहिली आणि पगार, भाडं, औषधं सगळं वर गेलं. सून लग्न होऊन आली, तिचं नाव माहेरच्या कार्डातनं कमी झालं पण इकडं चढलं नाही, आणि नेमकी तीच आजारी. भाड्याच्या खोलीतल्यांना पत्त्याचा पुरावा नाही. मग लोक रेशन घ्यायला नाही तर दवाखान्यासाठी केशरी कार्ड काढायला लागले, पुरवठा शाखेत खेटे, एजंटला पैसे, आणि पेशंट तिकडं आयसीयूत.

सगळ्यात विचित्र प्रकार शेजारच्या जिल्ह्यामुळं झाला. पुढं शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून योजनेत घेतलं, त्यात उस्मानाबाद होतं, सोलापूर नव्हतं. आता तुळजापूरचा माणूस उपचाराला सोलापुरातच येतो, तासाभराचा रस्ता. म्हणजे एकाच हॉस्पिटलात शेजारच्या बेडवर तुळजापूरचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी पात्र आणि बार्शी-मोहोळचा अपात्र, पाऊस दोघांकडं सारखाच न पडलेला. विजापूर, गुलबर्ग्याकडनं येणाऱ्यांचं तर विचारूच नका, ते कर्नाटकचं कार्ड घेऊन यायचे आणि काउंटरवरनं परत फिरायचे.

मे २०२० मध्ये कोरोनात सरकारनं काही काळ सगळ्यांनाच योजनेत घेतलं तेव्हा रंग बाजूला ठेवता येतो हे सिद्ध झालंच होतं, तरी कायमचा निर्णय जून २०२३ ला झाला आणि लागू व्हायला अजून एक वर्ष. तेव्हा उपचार १३५६ झाले, दीड लाखाचे पाच लाख झाले. भांडण मात्र संपलं नाही, फक्त "कोण" वरनं "काय" वर आलंय, म्हणजे हा आजार यादीत आहे का, हे हॉस्पिटल योजनेत आहे का, बाहेरनं आणलेल्या औषधाचे पैसे कुणी द्यायचे. आरोग्यमित्र नीट सांगत नसेल तर १५५३८८ ला फोन लावायचा, फुकट आहे.

बाकी योजनांच्या खिडक्यांवर वर्षाच्या उत्पन्नाचे जुने आकडे तसेच आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या मदतीला एकवीस हजार, शहरात अन्नसुरक्षेच्या धान्याला एकोणसाठ हजार. धर्मादाय हॉस्पिटलात दहा टक्के बेड निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवायचे हे हायकोर्टानं मंजूर केलेल्या योजनेनं २००६ पासून बंधनकारक आहे, तिथली मर्यादा एक लाख ऐंशी हजार आणि तीन लाख साठ हजार. एकच विधवा बाई, धुणीभांडी करून महिन्याला सहा हजार कमावणारी, धर्मादायला निर्धन आहे आणि निराधारच्या दीड हजारासाठी अपात्र. म्हणून तहसीलच्या आवारात उत्पन्नाचा दाखला काढायला बसलेल्या बायका एकमेकींना विचारत असतात, कितीचा काढू.