पाण्यातील नत्रस्थिरीकरण नायट्रोजन-१५ ने मोजताना: नमुने पाठवण्यापूर्वी वाचा

बाटलीतल्या पाण्यात नायट्रोजन-१५ (नत्राचा जड समस्थानिक) वायू घालतात; सूक्ष्मजीव तो बांधतात आणि ते फिल्टरवर गाळून घेतात. तुमच्या फिल्टरवरच्या नायट्रोजन-१५ चे प्रमाण आमचा मास स्पेक्ट्रोमीटर (समस्थानिक मोजणारे उपकरण) अचूक सांगतो. पण सूक्ष्मजीवांनी पाण्यात विरघळलेला किती नत्र बांधला हे काढायचे, तर बाटलीतल्या पाण्यात नायट्रोजन-१५ प्रत्यक्ष किती विरघळला होता तेही ठाऊक हवे. चूक बहुतेक वेळा तिथेच होते, आणि फिल्टर आमच्या हाती आल्यावर ती सुधारता येत नाही.

बुडबुडा आत ठेवू नका

जुन्या पद्धतीत बाटलीत नायट्रोजन-१५ वायूचा बुडबुडा सोडून ती तशीच २४ तास ठेवत आणि सगळा वायू लगेच विरघळला असे धरत. तसे होत नाही, हे २०१० साली प्रयोगांनी दाखवले: वायू विरघळायला कित्येक तास लागतात. ट्रायकोडेस्मियम (समुद्रातला एक नत्र बांधणारा सायनोबॅक्टेरिया) दिवसा नत्र बांधतो. सकाळी बुडबुडा सोडला, तर त्याच्या कामाच्या वेळी पाण्यात नायट्रोजन-१५ पुरेसा नसतो आणि त्याचा वेग कमी दिसतो. क्रोकोस्फेरासारखे रात्री नत्र बांधणारे जीव या चुकीतून बऱ्याच अंशी सुटतात. म्हणजे चूक सगळ्या जीवांना सारखी लागू होत नाही; एका ठरावीक आकड्याने गुणून ती भरून काढता येणार नाही.

आमची शिफारस अशी. साडेचार लिटरची पॉलिकार्बोनेट बाटली १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन, नमुन्याच्याच पाण्याने खळबळून काठोकाठ भरा; आत हवा राहू देऊ नका. सेप्टममधून (झाकणातल्या रबरी चकतीतून) वायुरोधक सिरिंजने ४ मिलिलिटर नायट्रोजन-१५ वायू सोडा. बाटली आडवी धरून १५ मिनिटे हळूहळू लोळवा (जोरात हलवलीत तर ट्रायकोडेस्मियमचे जुडगे तुटतात). मग झाकण उघडून उरलेला बुडबुडा जाऊ द्या, त्याच पाण्याने बाटली भरून बंद करा आणि २४ तास ठेवा. इथून पुढे पाण्यातले प्रमाण जवळजवळ स्थिर राहते.

२४ तासांनी, फिल्टर करण्याआधी, नळीने तळातून पाणी घेऊन १२ मिलिलिटरची कुपी भरा. ती थोडी ओसंडू द्या, ७ मोलर झिंक क्लोराइडचे १०० मायक्रोलिटर घाला, बुडबुडा न ठेवता बंद करा. पाण्यात नायट्रोजन-१५ प्रत्यक्ष किती होता ते या कुपीवरून कळते; ती प्रत्येक बाटलीची हवी.

कुपीचा एवढा आग्रह का, ते हिशेबातून कळेल. २५ ते २८ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३७० ते ४०० मायक्रोमोल नायट्रोजन वायू असतो. ४ मिलिलिटर वायू पूर्ण विरघळला असे धरले तर कागदावर सुमारे ९ अणुटक्के (नत्राच्या दर शंभर अणूंमागे नायट्रोजन-१५ चे ९ अणू) येतात. समजा कुपीत ५ च निघाले. फिल्टरवरचे प्रमाण ०.३६७० वरून ०.३७३० अणुटक्क्यांवर गेले आणि कणरूप नत्र (फिल्टरवर अडकणाऱ्या कणांतला नत्र) लिटरला ५०० नॅनोमोल आहे. वाढ ०.००६० ला (५ वजा ०.३६७०) ने भागून ५०० ने गुणले की दिवसाला ०.६५ नॅनोमोल प्रतिलिटर येते. ९ धरले असते तर ०.३५ आले असते. निम्म्याच्या आसपास फरक, आणि फिल्टर तेच.

वायूतली भेसळ

विकतच्या नायट्रोजन-१५ वायूत कधी कधी त्याच समस्थानिकाचा अमोनिया आणि नायट्रेट सापडतो. एकही स्थिरीकरण करणारा जीव नसलेले शेवाळसुद्धा तो शोषते आणि फिल्टर ‘स्थिरीकरण’ दाखवतो. वायूची नवी बाटली आली की थोडा वायू आयनमुक्त शुद्ध पाण्यात हलवून त्या पाण्यातले अमोनियम तपासा. तपासणीशिवाय वापरलेल्या लॉटच्या निकालांवर आम्ही भरवसा ठेवत नाही. लॉट क्रमांक नमुन्यासोबत कळवा.

फिल्टर

२५ मिलिमीटरचे ०.७ मायक्रॉनचे काचतंतू फिल्टर ४५० अंशांवर चार तास भाजून घ्या. एकपेशी बारीक जीव त्यातून निसटू शकतात. ते मोजायचे असतील तर ०.३ मायक्रॉनचे घ्या. गाळताना फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक २०० मिलिबारच्या आत ठेवा, नाहीतर पेशी फुटतात. फिल्टर ६० अंशांवर रात्रभर वाळवा. ओव्हन वायूच्या सिलिंडरपासून आणि अमोनियाच्या बाटल्यांपासून लांब असावा.

फिल्टरवर किमान १० मायक्रोग्रॅम नत्र हवा. त्याखाली उपकरणाचे वाचन भरकटते. स्वच्छ पाण्यात त्यासाठी पूर्ण साडेचार लिटर गाळावे लागते, कधी दोन बाटल्या एकत्र कराव्या लागतात.

सुरुवातीचा, म्हणजे वायू न घातलेल्या पाण्याचा फिल्टर प्रत्येक ठिकाणाचा, तीन प्रती. दुसऱ्या ठिकाणचा उसना घेऊ नका. १ प्रतिसहस्र (मूळ प्रमाणाचा हजारावा भाग) फरक म्हणजे सुमारे ०.०००३७ अणुटक्के, वरच्या उदाहरणात ४ प्रतिसहस्रची गफलत निकालात पावभर चूक करते. अरबी समुद्रात फेब्रुवारी ते मे दरम्यान ट्रायकोडेस्मियम फुलतो तेव्हा कणरूप नत्राचे हे मूळ प्रमाण जागोजागी बदलते, म्हणून हा खर्च टाळू नका.

सुरुवातीचे फिल्टर आणि वायू घातलेले फिल्टर वेगळ्या डब्यांत, डब्यांवर तसे लिहून पाठवा. जास्त नायट्रोजन-१५ असलेला नमुना आधी उपकरणात गेला तर मागचा ठसा पुढच्यावर उमटतो. आम्ही सुरुवातीचे आधी चालवतो. कार्बनही मोजायचा असेल तर (कार्बोनेट काढण्यासाठी) आम्लाची वाफ देण्याआधी विचारा, कारण आम्ल लागलेला फिल्टर हवेतला अमोनिया ओढून घेतो.