जमिनीखालील इंधन टाक्या : साफसफाई, गाळ आणि गळती यांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टाकी साफ करण्यासाठी आम्हाला बोलावताना बहुतेक ग्राहक दर किती, वेळ किती लागेल आणि पंप किती तास बंद ठेवावा लागेल, एवढेच विचारतात. टाकीतून निघालेला गाळ कोठे जाणार, हे फार थोडे जण विचारतात. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी जोखीम मात्र त्या गाळातच असते, आणि ती आमच्याइतकीच आपलीही असते, म्हणून हे पत्रक सविस्तर लिहिले आहे.

प्रथम परवान्याविषयी थोडक्यात. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांनुसार इंधनाचा वर्ग त्याच्या फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते यावरून, ठरतो. हा बिंदू २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर ‘अ’ वर्ग, आणि २३ पासून ६५ अंशांच्या आत असेल तर ‘ब’ वर्ग. पेट्रोल ‘अ’ वर्गात येते आणि डिझेल ‘ब’ वर्गात. साठवणुकीचे परवाने नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे आपण सर्व जिला ‘पेसो’ म्हणतो ती संस्था, देते, आणि परवानाप्राप्त जागेत तिच्या पूर्वमंजुरीशिवाय फेरबदल करता येत नाही. जनरेटरसाठी डिझेल ठेवणाऱ्या सोसायट्या, रुग्णालये आणि कारखाने यांनी हे लक्षात घ्यावे की एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणत्याही एका टाकीची क्षमता १,००० लिटरपेक्षा अधिक नसेल तरच डिझेलला परवान्यातून सूट मिळते. बाजारात ९९० लिटरची टाकी इतकी दिसते ती याच कारणाने. मात्र अशा तीन टाक्या शेजारी शेजारी बसवून तिन्ही भरल्या की एकूण मर्यादा ओलांडली जाते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

आता गाळाविषयी. पेट्रोलियम टाक्यांच्या साफसफाईतून निघणारा तेलकट गाळ, धुण्याचे पाणी आणि तेलाने माखलेले फिल्टर हे घातक व इतर टाकाऊ पदार्थांविषयीच्या २०१६ च्या नियमांतील पहिल्या अनुसूचीत स्पष्टपणे नोंदलेले आहेत. याचा अर्थ असा की हा गाळ गटारात सोडणे, पंपाच्या मागच्या बाजूला खड्डा करून पुरणे किंवा भंगारवाल्याला पिंपासकट देऊन टाकणे हा कायद्याचा भंग आहे, आणि गाळ ज्याच्या आवारात निर्माण झाला त्याची जबाबदारी ठेकेदाराला पैसे चुकते केल्याने संपत नाही. गाळ आवारात साधारणतः ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो अधिकृत वाहनाने, दहाव्या नमुन्यातील मॅनिफेस्टसह, म्हणजे गाळ कोठून कोठे गेला याची नोंद असलेल्या वाहतूक-पत्रकासह, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे आहेत तशा सामायिक विल्हेवाट केंद्राकडे किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या पुनर्प्रक्रियाकाराकडे गेला पाहिजे. गाळ तेथे पोहोचल्याची पोच असलेली प्रत आपल्या फायलीत लागेपर्यंत आम्ही ते काम पूर्ण झाले असे मानत नाही.

एका ग्राहकाच्या आवारात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कुंपणालगतच्या पट्ट्यात गवत उगवलेले नव्हते. कुदळीचे चार घाव घातल्यावर काळी, चिकट माती वर आली आणि डिझेलचा वास सुटला. आधीच्या ठेकेदाराने गाळ तेथेच पुरला होता. टाकीच्या साफसफाईपेक्षा ती माती उचलून नेण्याचा खर्च कितीतरी अधिक झाला, आणि तो ग्राहकालाच सोसावा लागला.

टाकीत माणूस उतरवण्याबाबत आम्ही तडजोड करत नाही, आणि कृपया तसा आग्रह धरू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती तळाशी साचून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण जेमतेम दीड टक्का झाले तरी एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. नुकत्याच उपसलेल्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात, म्हणून ती अधिक धोक्याची. वायुमापकाने वाफ आणि प्राणवायू मोजून टाकी वायुमुक्त असल्याचे लेखी प्रमाणपत्र मिळेपर्यंत, आणि प्राणवायू किमान १९.५ टक्के असल्याशिवाय, आमचा माणूस मॅनहोलमधून पाय आत टाकत नाही. उतरल्यावरही त्याच्या कमरेला दोर असतो आणि दोराचे दुसरे टोक धरणारा माणूस त्या काळात दुसरे कोणतेही काम करत नाही.

गळतीचा पहिला पुरावा बहुधा आपल्या डिपच्या, म्हणजे टाकीत रॉड बुडवून मोजलेल्या इंधनाच्या पातळीच्या, रजिस्टरमध्येच असतो. अर्थात प्रत्येक घट ही गळती नसते : १०,००० लिटर पेट्रोल पाच अंशांनी थंड झाले तर सुमारे ५० ते ६० लिटर कमी भरते. त्यामुळे शंका आल्यास रात्री विक्री बंद केल्यावर एकदा आणि पहाटे विक्री सुरू होण्यापूर्वी एकदा, त्याच रॉडने, शक्यतो त्याच माणसाने, डिप घ्यावी आणि सोबत तापमान लिहावे. असे सात दिवस करून घट जवळपास तेवढीच येत राहिली, तर आम्हाला त्वरित कळवावे. आणखी एक खूण अशी की भोक पडलेल्या टाकीत पावसाळ्यात, भूजल वर आले की, पाणी आत शिरते आणि उन्हाळ्यात इंधन बाहेर जाते. म्हणून पावसाळ्यात टाकीत येणारे पाणी केवळ झाकणातून आले असे गृहीत धरून सोडून देऊ नये. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असल्याने थोडे पाणी इथेनॉल शोषून घेते आणि जुन्या वॉटर पेस्टवर, म्हणजे पाणी लागले की रंग बदलणाऱ्या, रॉडला लावायच्या लेपावर, ते उमटत नाही. इथेनॉलसाठी चालणारी पेस्टच वापरावी.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात मुरमाखाली काळा पाषाण आहे आणि भूजल त्याच्या भेगांतून वाहते. गळलेले इंधन मातीत सारखे पसरत न जाता एखाद्या भेगेतून थेट शेजारच्या विहिरीत उतरू शकते. त्यातील बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य पाण्यात विरघळते, आणि वर तवंग दिसत नसला तरी ते पाणी पिण्यास अयोग्य असू शकते. अशा वेळी टाकी तातडीने रिकामी करणे, आजूबाजूच्या विहिरी व कूपनलिका तपासणे, भूजल तपासण्यासाठी जमिनीत निरीक्षण नळ्या घेऊन त्यांतून तरंगते इंधन उपसणे आणि दूषित माती घातक कचरा म्हणून हलवणे, हा क्रम असतो. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले असून, त्यांत जागेच्या शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर ठेवला आहे. त्यामुळे गळती लपवून ठेवण्यात शेजाऱ्यांच्या पाण्याचा घात आहे आणि आपलेही नुकसानच आहे.

आमची माणसे येण्यापूर्वी परवान्याची प्रत, टाकीचा कॅलिब्रेशन तक्ता (किती पातळीला किती लिटर, हे दाखवणारा), मागील तीन महिन्यांचे डिप रजिस्टर आणि यापूर्वीच्या साफसफाईचे मॅनिफेस्ट काढून ठेवावे. जुलै-ऑगस्टमध्ये सखल जागेतील टाकी रिकामी करण्याचा बेत असल्यास आधी आम्हाला विचारावे, कारण २०,००० लिटरची रिकामी टाकी भूजलात सुमारे २० टनांच्या जोराने वर उचलली जाते आणि नीट जखडलेली नसेल तर फरशी फोडून वर येऊ शकते.