स्टेअरिंगचा प्ले (जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांमधील)

स्टेअरिंगचे चाक फिरवल्यावर पुढची चाके वळू लागण्याआधी ते जेवढे मोकळेच फिरते, त्या मोकळेपणाला गॅरेजच्या बोलीत ‘प्ले’ म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील नियम 98 प्रमाणे हा प्ले स्टेअरिंगच्या चाकावर 30 अंशांहून अधिक असता कामा नये. 40 सेंमी व्यासाच्या चाकाच्या कडेवर मोजले तर हे अंतर सुमारे साडेदहा सेंमी भरते. ही कायद्याची शेवटची मर्यादा झाली. गोव्याच्या सीमेवरील चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या वळणांवर याच्या निम्मा प्लेसुद्धा धोक्याचा मानला पाहिजे. स्टेअरिंगच्या बॉल जॉइंटांवर (वाटीत गोळा फिरणाऱ्या सांध्यांवर) रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट व पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, असेही हाच नियम सांगतो. तपासणीची सुरुवात याच दोन गोष्टींपासून करावी.

विलिस (मूळ अमेरिकी जीप) घराण्यातील जुन्या महिंद्रा जीप किंवा मारुती जिप्सी यांसारख्या गाड्यांना पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. चालकाने दिलेला वळसा स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगच्या दांड्याखालची गिअरची पेटी), त्यातून निघणारा ड्रॉप आर्म, त्याला जोडलेला ड्रॅग लिंकचा दांडा आणि दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड यांतून चाकांपर्यंत जातो. जुन्या विलिस धाटणीच्या जीपमध्ये मधे बेलक्रँकही (ओढीची दिशा बदलणारी तरफ) असतो. प्रत्येक सांध्यात झिजेने थोडी फट पडते आणि या फटींची बेरीज चालकाच्या हाताला एकत्र जाणवते. म्हणून नुसते स्टेअरिंग हलवून दोष कोणत्या सांध्यात आहे हे कळत नाही. साखळीतला एकेक दुवा वेगळा तपासावा लागतो.

गोव्यात ही झीज लवकर होते. कुळे गावाहून दुधसागर धबधब्याकडे जाणारी जीप वाटेत ओढे ओलांडते. टोपी फाटलेली असली की पाणी सांध्यात शिरून ग्रीस धुऊन नेते आणि जांभ्याची बारीक तांबडी माती आत बसून पॉलिश पेपरासारखी घासत राहते. अशी टोपी बोटांनी दाबली तर ग्रीसऐवजी विटकरी चिखल बाहेर येतो. तो दिसला की सांधा बदलण्याची तयारी ठेवावी. किनाऱ्यालगत याच्या उलटही घडते. खाऱ्या हवेने सांधा गंजून आवळतो, प्ले अजिबात दिसत नाही, पण वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही. असा सांधा ‘घट्ट आहे’ म्हणून सोडून देणे ही मोठी चूक आहे.

मुख्य तपासणी गाडीचे वजन चाकांवर असतानाच करावी, कारण चाके अधांतरी असली की सांध्यांवर ताण येत नाही आणि लहान फट लपून राहते. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे, पण न थांबता हलवावे आणि दुसऱ्याने खाली पडून प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा: अंगठा पिनेच्या बाजूला, बोटे वाटीच्या बाजूला. डोळ्यांना न दिसणारी ‘टक्’ बोटांना लगेच कळते. पॉवर स्टेअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवावे लागते, अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्येच असावी. स्टेअरिंग बॉक्स चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जिथे बांधलेला असतो तिथे आवर्जून पाहावे. सैल बोल्टमुळे किंवा चासीला गेलेल्या तड्यामुळे सबंध बॉक्सच हलत असतो आणि दोष मात्र टायरॉडवर ढकलला जातो.

त्यानंतर अ‍ॅक्सल जॅकवर उचलून, खाली भक्कम स्टँड देऊन चाक हाताने हलवावे. वर-खाली धरून हलवताना ढिलेपणा जाणवला तर शंका व्हील बेअरिंग आणि किंगपिन (ज्याभोवती चाक डावी-उजवीकडे वळते तो खिळा) या दोहोंवर येते. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे: ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. डावी-उजवीकडे धरून हलवताना आढळणारा प्ले बहुधा टायरॉड एंडचा (टायरॉडच्या टोकाच्या सांध्याचा) असतो.

धक्का बसताच पुढची चाके जोराने थरथरू लागणे, म्हणजे व्हॉब्लिंग, हा वेगळा दोष आहे. विलिस धाटणीच्या अ‍ॅक्सलमध्ये किंगपिनच्या बेअरिंगवर शिमांच्या (पातळ पत्र्याच्या चकत्यांच्या) साहाय्याने दिलेला दाब कमी झाला की तो उद्भवतो. टायरचे बॅलन्सिंग आणि शॅकलचे (पाट्याला चासीशी जोडणाऱ्या कडीचे) झिजलेले बुशही त्याला कारण होतात. अशा वेळी नुसता स्टेअरिंग डँपर (धक्के शोषणारा दांडा) बसवला की थरथर काही काळ दबते, पण झीज चालूच राहते.

स्टेअरिंग बॉक्सचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू सर्वांत शेवटी हाताळावा, कारण तो आवळून सांध्यांतला प्ले जात नाही. बॉक्स मध्यभागी अधिक झिजतो. म्हणून चाके सरळ ठेवून, थोडे थोडे आवळत, दोन्ही टोकांपर्यंत स्टेअरिंग कुठे अडकत नाही ना हे पाहावे लागते.

टायरॉड एंड बदलल्यावर टो-इन (पुढची चाके समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली असणे) पुन्हा जुळवणे आवश्यक असते. नवा सांधा बसवताना त्याची निमुळती पिन कोरडी व स्वच्छ असावी, आणि नटाची खाच स्प्लिट पिनच्या (नट सुटू न देणाऱ्या दुभंगी पिनेच्या) भोकाशी जुळली नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळावा, मागे कधीही सोडू नये.