बाटलीतला तीव्र मध्यम

कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्या आमच्याकडे कुणाच्याही मागीलदारी सापडतात. वेंगुर्ल्याच्या पुढे किनाऱ्यालगत एक दोन शिक्षकी शाळा आहे, तिथे मी दर शनिवारी जाते. तिसरी-चौथीचा वर्ग एकत्रच बसतो. पोरांनी आठवडाभरात अशा अकरा बाटल्या जमवल्या. त्यांतल्या एका मापाच्या सात काढल्या, धुतल्या आणि व्हरांड्यात ओळीने मांडल्या. पहिलीत बोटभर पाणी, पुढच्या प्रत्येकीत थोडं थोडं जास्त, शेवटची गळ्यापर्यंत. मग लाकडी पळीने एकेक वाजवून बघणं सुरू झालं.

कमी पाण्याच्या बाटलीचा आवाज बारीक, भरलेलीचा जाड. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीने बाटली उचलून ओठांशी धरली आणि तिच्या तोंडावरून आडवी फुंकर घातली. लाँचच्या भोंग्यासारखा आवाज आला. तिने जास्त पाण्याची बाटली घेतली, तीही फुंकली आणि गप्पच झाली. दोन्ही बाटल्या पुन्हा वाजवल्या, पुन्हा फुंकल्या. मग म्हणाली, "बाई, पाणी वाढल्यार मारून आवाज जाडो येता, नि फुकून बारीक. बाटली तीच, पाणी तेवढांच. ह्यां कसां काय?"

ध्वनीचा अख्खा धडा या एका प्रश्नात आहे. आणि तो प्रश्न पुस्तकाखालच्या स्वाध्यायात नव्हता, तिच्या कानाने काढलेला होता.

तिथल्या बाईंनी उत्तर सांगितलं नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "हलतंय काय, ते आधी शोधा." मुलांनी बाटल्यांना हात लावून बघितले. पळी मारल्यावर काचेला बोट टेकवलं की झिणझिण्या लागतात, आणि बाटली मुठीत धरली की आवाज जागीच मरतो. फुंकताना मात्र बाटली दोन्ही हातांनी घट्ट आवळली तरी आवाजात काही फरक पडत नाही. म्हणजे फुंकल्यावर वाजते ती काच नव्हे. मग उरलं काय? पाणी तर हलताना दिसत नाही. "हवा," तिसरीतला एक मुलगा म्हणाला, तोही दबकतच, कारण दिसत नसलेल्या गोष्टीचं नाव घ्यायचं होतं.

झालं ते असं. पळी मारली की काच कापते, आणि आत टेकलेलं पाणीही तिच्याबरोबर हलवावं लागतं. ओझं वाढलं की कंप मंदावतो. बांबूची लवलवती काठी नुसती हलवून बघा आणि टोकाला ओला पंचा बांधून हलवून बघा, म्हणजे हे हाताला कळतं. कंप मंद, की आवाज जाड. फुंकताना मात्र गळ्यातली हवा बुचासारखी खालीवर होते आणि पोटातली हवा तिला स्प्रिंगसारखी परत ढकलते. पाणी जितकं जास्त तितकी आत हवा कमी, आणि थोडी हवा दाबायला जड जाते. फुटबॉलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला, तर शेवटी शेवटी तो किती कडक लागतो! कडक स्प्रिंग भराभर हलते, म्हणून आवाज बारीक. पाऊण लिटरची रिकामी बाटली फुंकली तर हवेचे सेकंदाला साधारण शंभर ते सव्वाशे कंप होतात. अशा पोकळीतल्या हवेचा अभ्यास 19व्या शतकात हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने केला. ते मुळात डॉक्टर. अशा पोकळ गोलांतून ऐकून त्यांनी एका आवाजात लपलेले अनेक स्वर वेगळे करून दाखवले.

पुढच्या शनिवारी देवळातून पेटी मागून आणली. आता मुलांना फुंकायच्या बाटलीतून वरचा सा, म्हणजे रिकाम्या बाटलीच्या दुप्पट कंपांचा स्वर, काढायचा होता. सगळ्यांची अटकळ एकच: पाणी अर्ध्यावर आणलं की झालं. पाणी अर्ध्यावर आणलं, पेटीवर एकेक पट्टी दाबून जुळवून बघितलं, आणि जुळली ती म आणि प यांच्या मधली काळी पट्टी, तीव्र मध्यम. एकाला वाटलं पेटी बिघडली आहे. पेटी ठीक होती. बाटलीतली हवा निम्मी झाली की कंप दुप्पट होत नाहीत, 1.41 पट होतात, कारण इथे हिशेब वर्गमुळाचा असतो. कंप दुप्पट व्हायला हवा पावच उरावी लागते. मुलांनी पाणी वाढवत वाढवत नेलं आणि बाटली पाऊण भरल्यावर वरचा सा हाती लागला. तिथे त्यांनी स्केचपेनने रेघ मारली.

नऊ वर्षांच्या मुलाला वर्गमूळ ठाऊक नसतं, आणि त्या दिवशी ते सांगायची गरजही नव्हती. पण पुढे वरच्या वर्गात त्याच्यासमोर ते चिन्ह येईल, तेव्हा कोकमाच्या बाटलीवरची ती रेघ त्याच्या गाठीशी असेल. शेजारीच फळीवर दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधलेली तंगूस होती, मासे गळाला लावायची. तिच्यावर मात्र बरोबर अर्ध्यावर बोट दाबलं की वरचा सा मिळतो आणि दोन तृतीयांश तार वाजवली की प. एका ठिकाणी अर्ध्याने काम होतं, दुसरीकडे होत नाही. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे मुलांना फळ्यावर लिहून सांगावं लागलं नाही.

ओझ्याची गोष्ट तर आमच्या गावागावांत दर भजनाला घडत असते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, ते मुलांनी शंभरदा पाहिलेलं असतं. एक मुलगा म्हणाला की त्याचे आजोबा कणीक कमी-जास्त करून आवाज लावतात. म्हणजे बाटलीतल्या पाण्याचाच नियम की! उजव्या तोंडाची शाई, म्हणजे मधला काळा थर, हा याहून खोल मामला आहे. साध्या गोल चामड्यावर थाप मारली तर जे स्वर उठतात, ते एकमेकांच्या पटीत नसतात. पहिल्याचे कंप 1 धरले तर पुढचे 1.59, 2.14, 2.30 असे वेडेवाकडे येतात, म्हणून ढोलाचा नुसता धमाका होतो, त्यातून पट्टी निघत नाही. मधोमध शाईचा थर चढवला की हेच आकडे सरकून 1, 2, 3, 4, 5 च्या जवळ येतात आणि चामडं तारेसारखं सुरात बोलतं. हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये सहकाऱ्याबरोबर मांडलं आणि पुढे त्यावर सविस्तर लिहिलं. 1930 चं नोबेल त्यांना प्रकाशाच्या कामासाठी मिळालं, पण मृदंगावरचं हे काम मला तितकंच देखणं वाटतं. कितीतरी पिढ्यांच्या कारागिरांनी निव्वळ कानाच्या भरवशावर जो थर बसवला, त्यामागचं गणित त्यांनी उलगडून दाखवलं.

आता पालक नेहमी विचारतात त्या प्रश्नाकडे येते: "संगीताने गणित सुधारतं म्हणतात, ते खरं का?" या समजाचं मूळ 1993 सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. अमेरिकेत कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची रचना ऐकवली आणि आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. गुण थोडे वाढले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांतच ओसरला. लहान मुलं त्या प्रयोगात नव्हतीच. तरी पाच वर्षांत जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना शास्त्रीय संगीताच्या सीडी वाटण्यासाठी सरकारी पैसा मागितला होता. पुढे 2020 साली साला आणि गोबे या दोन संशोधकांनी मुलांवरचे 54 अभ्यास, मिळून जवळपास सात हजार मुलं, एकत्र तपासले. जिथे तुलनेचा गटही नीट ठेवला होता, तिथे संगीतामुळे बुद्धी वा इतर विषयांतले गुण वाढल्याचं जवळजवळ काहीच दिसलं नाही.

मला याचं वाईट वाटत नाही. गणितासाठी गणित शिकवावं. संगीताला वर्गात बसायला दुसऱ्या विषयाची चिठ्ठी लागू नये. शिवाय त्या बाटल्यांपाशी जे घडलं, ते संगीत ऐकून घडलेलं नाही. मुलं काहीतरी बनवत होती, ते चुकत होतं, आणि चुकल्याचं त्यांच्याच कानांनी तत्क्षणी त्यांना सांगितलं. वही तपासून मिळायला दोन दिवस लागतात, बेसूर बाटली लगेच कळते.

संगीत एकत्र केल्याने मात्र काही गोष्टी खरोखर घडतात. 2010 साली लाइपझिगच्या किर्शनर आणि टोमासेलो यांनी चार वर्षांच्या 96 मुलांच्या जोड्या केल्या. निम्म्या जोड्यांनी एक खेळ गात, वाजवत, तालावर चालत खेळला. उरलेल्यांनी तसाच खेळ, पण गाण्याशिवाय. नंतर एकाच्या हातातल्या नळीतून गोट्या सांडतील अशी योजना होती. गाऊन खेळलेल्या जोड्यांत दुसरं मूल आपलं काम टाकून गोट्या वेचायला जास्त वेळा धावलं. एका तालात हललेली माणसं एकमेकांची होतात, हे पालखी नाचवणाऱ्या कोकणी माणसाला नव्याने सांगायला नको. पण मोजून दाखवलेलं पाहिलं की बरं वाटतं.

दुसरी गोष्ट ताल आणि वाचन यांची. 2014 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तीन-चार वर्षांच्या मुलांना ढोलकीचा ठेका धरायला सांगितला. ज्यांना तो नीट धरता आला, त्यांना शब्दातले ध्वनी वेगळे ओळखणंही चांगलं जमत होतं. वाचायला लागण्याआधी हीच तयारी लागते. ताल शिकवला म्हणून वाचन सुधारलं, असं हा अभ्यास म्हणत नाही. दोन्हींच्या मुळाशी काळाचं एकच भान असावं, एवढंच सुचवतो. त्या भानाची सुरुवात फार लवकर होते. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवून मधूनच सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, गाळली, तर त्यांचा मेंदू दचकल्यासारखा प्रतिसाद देतो, हे 2009 साली हंगेरीतल्या विंक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं.

आमच्या वर्गात हे भान डबलबारीतून आलं. सिंधुदुर्गातल्या मुलाला डबलबारी भजन काय ते सांगावं लागत नाही. रात्र रात्र जागून त्याने दोन बुवांचे सवाल-जवाब ऐकलेले असतात. मुलांनी आपणहून दोन बाऱ्या केल्या, बाकं झाली पखवाज, डब्यांची झाकणं झाली झांज, विषय ठरला बाजारातले मासे. बाकावर केरव्याच्या आठ मात्रा सुरू होत्या. "बांगडो इलो" चपखल बसलं. "सुरमई इली" हेही बसलं. "पापलेट इलां" म्हटलं की मात्र ठेका अडखळायचा. तीनदा अडखळला. बाई म्हणाल्या, मोजा. बांगडो पाच मात्रा, इलो तीन. सुरमई पाच, इली तीन. पापलेट सहा! आता काय करायचं? पापलेट सोडून द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी वर्गात सहसा तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "पाप्लेट म्हणा." प आखडला, जोडाक्षर झालं, एक मात्रा वाचली आणि ओळ बसली. छंद सांभाळायला कवी हेच करतात, आणि त्याने ते कुणी न शिकवता केलं.

त्या मुलाचं एरवी गप्प असणंही मला महत्त्वाचं वाटतं. घरी मालवणी, पुस्तकात वेगळी मराठी. उत्तर येत असतं, पण कोणत्या भाषेत द्यावं या विचारात ते तोंडातच राहतं. गाण्यात "इलो" चालतं. इतकंच नव्हे, "आला" घातलं तर ओळ एका मात्रेने फुगते आणि ठेका मोडतो. तिथे त्याची भाषाच बरोबर ठरते.

यासाठी खर्च काहीच लागला नाही. बाटल्या, तंगूस, करवंट्या, आणि पावसाच्या तोंडावर उकिरड्यावर रुजलेल्या आंब्याच्या कोयी. कोय घासून तिची पिपाणी करणं जुन्या माणसांना येतं. तिची दोन दलं फुंकरीने एकमेकांवर आपटतात, सनईच्या तोंडाशी असलेल्या पात्यांसारखीच. लागतो तो वेळ, आणि गोंगाट सहन करणारी बाई. आवाज न करणारा वर्ग म्हणजे चांगला वर्ग, ही समजूत आधी सोडावी लागते, आणि शेजारच्या वर्गाशी वेळ ठरवून घ्यावी लागते.

गेल्या शनिवारी निघताना त्याच फुंकर घालणाऱ्या मुलीने मला अडवलं. दर्याचं पाणी घातलं तर आवाज बदलेल का, असं तिला विचारायचं होतं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते गोड्या पाण्यापेक्षा शेकडा दोन-अडीच जड असतं. पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याशी तेही कमी होतं. एवढा फरक कानाला लागेल का? मी काही बोलले नाही. दोन मुलं कळशी घेऊन किनाऱ्याकडे धावली, बाकीच्यांनी दोन बाटल्या काढल्या आणि एकीत नळाचं पाणी भरलं. बाईंनी विचारलं, "दोन्ही बाटल्या अगदी सारख्या आहेत कशावरून?"

रिकाम्या असतानाच दोन्ही वाजवून बघितल्या. आवाज सारखा नव्हता. थोडा वेळ सगळे बाटल्यांकडे बघत राहिले. मग ती म्हणाली, "मगे एकाच बाटलीत घालूया. आधी गोडां, मगे खारां."