तरुण स्त्रियांमधील तीव्र पोटदुखी : दुर्मीळ स्त्रीरोगविषयक कारणे

पाळी सुरू होण्याच्या सुमारापासून पंचविशीपर्यंतच्या मुलींना व स्त्रियांना अचानक किंवा एक-दोन दिवसांत तीव्र पोटदुखी सुरू होते, तेव्हा तिचे मूळ कधीकधी गर्भाशय, अंडाशय, अंडवाहिनी किंवा योनिमार्ग यांच्या क्वचित आढळणाऱ्या विकारांत असते. या नोंदीत अशाच विकारांचा विचार केला आहे. या वयातील पोटदुखीची नेहमीची कारणे म्हणजे अपेंडिक्सचा दाह, मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, पाळीतील कळा, अंडाशयातील साधी पाण्याची गाठ आणि नळीतील गर्भधारणा. त्यांच्या तुलनेत येथील विकार विरळ आहेत. परंतु निदानाला उशीर झाल्यास त्यांत अंडाशय, गर्भाशय आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो. असा उशीर होण्यामागे यंत्रांच्या अभावापेक्षा पाळीविषयीचे दोन-तीन प्रश्न नीट न विचारले जाणे हे कारण अधिक वेळा असते.

तक्रारीची भाषा

मराठीत ‘पोट’ हा शब्द जठर, आतडी आणि गर्भाशय या सर्वांना पुरतो. ‘पोटुशी’ आणि ‘पोट राहणे’ हे शब्दप्रयोग त्याचीच साक्ष देतात. तेलुगूतील ‘कडुपु’ या शब्दाचेही तसेच आहे. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या चारही भाषा बोलणारे रुग्ण एकाच बाह्यरुग्ण विभागात येतात, आणि ‘पोट दुखतंय’, ‘कडुपु नोप्पी’ किंवा ‘होट्टे नोवु’ एवढ्या तक्रारीवरून वेदना नेमकी कोठली हे कळत नाही. आई, मावशी आणि काका यांच्यामध्ये बसलेली चौदा वर्षांची मुलगी पाळीविषयी बोलत नाही. म्हणून परिचारिकेच्या उपस्थितीत तिच्याशी स्वतंत्र बोलणे हा तपासणीचाच भाग मानावा लागतो. पाळी सुरू झाली आहे का, शेवटची पाळी कधी आली, दुखणे दर महिन्याला ठरावीक सुमारास येते का आणि या वेळची कळ पूर्वीपेक्षा वेगळी आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांतून पुढे वर्णिलेल्या विकारांपैकी बहुतेकांची दिशा सापडते.

या भागात अशी कळ उठली की ‘वाटी सरकली’ किंवा ‘बेंबी सरकली’ असे समजून तेल लावून पोट चोळून घेण्याची चाल आहे. दुखणे साधे असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. पीळ पडलेल्या अंडाशयाच्या बाबतीत मात्र चोळण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत. उन्हाळ्यातील कोरड्या उष्म्यामुळे ‘मुतखडाच असेल’ हा अंदाजही येथे पटकन केला जातो.

अंडाशयाला पीळ पडणे

अंडाशय हे गर्भाशयाशी आणि श्रोणीच्या (कंबरेच्या हाडांमधील पोकळीच्या) भिंतीशी बंधांनी जोडलेले असते व त्याच्या रक्तवाहिन्या या बंधांतून जातात. अंडाशय स्वतःभोवती फिरले की आधी मऊ भिंतीच्या शिरा आणि लसीकावाहिन्या दबतात, तर जाड भिंतीची रोहिणी (धमनी) काही काळ वाहती राहते. परिणामी रक्त आत येत राहते पण बाहेर पडत नाही, अंडाशय सुजून मूळच्या कितीतरी पट मोठे होते आणि अखेरीस रोहिणीही बंद पडते. मोठ्या वयात पीळ पडण्यामागे बहुधा एखादी गाठ असते, आणि तरुण वयात ती पुष्कळदा डर्मॉइड प्रकारची, म्हणजे केस, चरबी व कधी दातही असलेली, असते. लहान मुलींमध्ये मात्र बंध लांब असल्यामुळे पूर्णपणे निरोगी अंडाशयालाही पीळ पडू शकतो. उजवी बाजू अधिक वेळा बाधित होते, कारण डावीकडे मोठ्या आतड्याच्या वळणाने जागा व्यापलेली असते. अपेंडिक्सही उजवीकडेच असल्याने गल्लत इथूनच सुरू होते.

कळ एकाएकी येते, बहुधा उलटीसह येते, आणि पीळ काही वेळ सुटला तर थांबून पुन्हा सुरू होते. या थांबण्याने घरचे आणि कधी डॉक्टरही निर्धास्त होतात. सोनोग्राफीत एका बाजूचे अंडाशय दुसऱ्याच्या मानाने मोठे, कडेला मण्यांच्या माळेसारखे बीजकोश (बीज वाढवणाऱ्या लहान पिशव्या) असलेले आणि देठाशी भोवऱ्यासारखी वळलेली रक्तवाहिनी असे चित्र दिसते. डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, प्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असे म्हणता येत नाही. अंडाशयाला महारोहिणीच्या शाखेतून आणि गर्भाशयाच्या रोहिणीतून असा दुहेरी पुरवठा असतो, शिवाय पीळ अपुरा असल्यास प्रवाह चालू राहतो. हा मुद्दा आवर्जून सांगावासा वाटतो, कारण अहवालातील ‘प्रवाह सामान्य’ या दोन शब्दांवर विसंबून रुग्णाला घरी पाठवले जाण्याचा धोका या विकारात सर्वांत मोठा आहे.

उपचार म्हणजे तातडीने, शक्यतो दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून पीळ सोडवणे. पूर्वी काळे-निळे पडलेले अंडाशय मृत समजून काढून टाकले जाई; पीळ सोडवल्यास रक्ताची गुठळी फुप्फुसात जाईल अशीही भीती होती. ही भीती अनुभवाने खरी ठरलेली नाही, आणि दिसायला काळे झालेल्या अंडाशयांपैकी बहुतेकांत नंतरच्या सोनोग्राफीत पुन्हा बीजकोश वाढताना दिसतात. त्यामुळे आता तरुण मुलीत रंग पाहून अंडाशय काढले जात नाही. आत गाठ असल्यास सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी, ती वेगळी काढता येते.

केवळ अंडवाहिनीला पीळ पडणे हे याहून विरळ आहे. १५ लाख स्त्रियांमागे एक असा जुना अंदाज सांगितला जातो. नळीशेजारील पाण्याची लहान गाठ हे त्याचे नेहमीचे कारण असून अंडाशये सोनोग्राफीत सामान्य दिसत असल्यामुळे निदान सहसा दुर्बीण आत गेल्यावरच होते.

कोंडलेली पाळी

योनिपटलाला जन्मतः छिद्र नसेल तर बालपणी काही जाणवत नाही. वयात आल्यावर दर महिन्याचे रक्त योनीत आणि पुढे गर्भाशयात साठत जाते. साधारण एक ते दोन हजार मुलींमागे एकीला हा दोष असतो. मुलगी तेरा-चौदा वर्षांची, शरीर वयात आलेले, पाळी मात्र अजून ‘आलेली नाही’, आणि दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोट दुखते, असा इतिहास मिळाला की निदान जवळजवळ झालेलेच असते. भरलेली योनी मूत्रमार्गावर दाब देते, त्यामुळे कित्येक मुली पोटदुखीऐवजी लघवी तुंबल्याची तक्रार घेऊन येतात. नळी घालून लघवी काढली जाते, मुलीला बरे वाटते आणि खरे कारण पुढच्या महिन्यापर्यंत लांबते. बाह्य जननेंद्रियांची केवळ नजरेने तपासणी केली तरी निळसर, फुगलेला पडदा दिसतो. तो भूल देऊन छेदतात व साठलेले घट्ट, काळपट रक्त बाहेर पडते. सुईने थोडे रक्त काढून पाहणे टाळावे, कारण त्याने निचरा अपुरा होतो आणि संसर्गाला वाट मिळते. या शस्त्रक्रियेच्या वेळी पालकांच्या मनात मुलीच्या लग्नाचा प्रश्न येतो व तो बोलून दाखवला जातोच असे नाही. डॉक्टरांनी तो ओळखून, पडद्याला छिद्र असणे हीच निसर्गाची नेहमीची रचना आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच समजावून सांगणे इष्ट असते.

अधिक फसवा प्रकार म्हणजे गर्भाशय व योनी जन्मतः दुहेरी असून त्यांपैकी एका बाजूची योनी बंद असणे. त्याच बाजूचे मूत्रपिंड यात बहुधा नसते. १९७१ मध्ये हर्लिन व वेर्नर यांनी आणि १९७६ मध्ये वुंडरलिश यांनी केलेल्या वर्णनांवरून या विकाराला त्या तिघांची नावे मिळाली. मोकळ्या बाजूने पाळी नियमित येत असल्यामुळे ‘पाळी व्यवस्थित आहे’ हे उत्तर येथे दिशाभूल करते. पाळीगणिक वाढत जाणारी एका बाजूची वेदना हीच खूण उरते. निदान एमआरआयने पक्के होते आणि मधला पडदा कापून टाकला की दोन्ही गर्भाशये शाबूत राहतात. एकच मूत्रपिंड असल्याचे लहानपणीच आढळलेल्या मुलीची गर्भाशयाची सोनोग्राफी पाळी सुरू होण्याच्या सुमारास करून घेतली, तर ही वेदना उद्भवण्याआधीच टळते.

गर्भाशयाचे एकच शिंग, म्हणजे एका बाजूचा अर्धा भाग, पूर्ण वाढलेले आणि दुसरे अपुरे, बंद राहिलेले असेल तर त्यातही रक्त कोंडते. अशा अपुऱ्या शिंगात गर्भ राहणे हा या गटातील सर्वांत घातक प्रसंग होय. १६६९ मध्ये फ्रान्समध्ये नोंदवली गेलेली ही स्थिती आजही बहुधा शिंग फुटल्यावर, म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यात पोटात मोठा रक्तस्राव झाल्यावरच लक्षात येते. गर्भपाताच्या गोळ्या घेऊनही गर्भ न पडणे ही तिची एक सूचक खूण आहे.

पीतपिंडातील रक्तस्राव

बीज सुटल्यानंतर अंडाशयात तयार होणारा पीतपिंड फुटून थोडे रक्त येणे असामान्य नाही. क्वचित मात्र हा स्राव एक-दोन लिटरपर्यंत जातो आणि चित्र हुबेहूब फुटलेल्या नळीतील गर्भासारखे दिसते. दुखणे पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, अनेकदा श्रमानंतर किंवा संभोगानंतर सुरू होते. नाडी व रक्तदाब स्थिर असल्यास हिमोग्लोबिन पुनःपुन्हा मोजत वाट पाहता येते. ते घसरत गेल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. रक्त पातळ करणारी औषधे आणि डेंगीसारख्या आजारातील कमी झालेल्या प्लेटलेट ही कारणे विचारून घ्यावीत. असा प्रसंग पुन्हा घडला तर रक्त गोठण्याचा आनुवंशिक विकार शोधावा. एरिक फोन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये फिनलंडमध्ये वर्णिलेला आजार त्यांपैकी प्रमुख आहे. ज्या मुलीपासून त्यांचा अभ्यास सुरू झाला ती तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या पाळीच्या रक्तस्रावात दगावली.

इतर कारणे

श्रोणीतील संसर्ग यकृताच्या आवरणापर्यंत पोहोचला की उजव्या बरगड्यांखाली, श्वासासरशी वाढणारी कळ येते व पित्ताशयाचा आजार समजून उपचार होतात. स्तायानो (१९२०), कर्टिस (१९३०) आणि फिट्झ-ह्यू (१९३४) यांनी याचे वर्णन केले. जननेंद्रियांच्या क्षयानेही असे चित्र निर्माण होऊ शकते, ही बाब भारतात नजरेआड करून चालत नाही. बीजपेशींपासून होणाऱ्या अंडाशयाच्या घातक गाठी याच वयात आढळतात आणि त्या फुटल्याने किंवा त्यांत रक्तस्राव झाल्याने प्रथम तीव्र वेदनेच्याच रूपाने प्रकटतात. मात्र त्या औषधोपचाराला उत्तम प्रतिसाद देत असल्यामुळे दुसरे अंडाशय व गर्भाशय राखूनच शस्त्रक्रिया केली जाते.

तपासणी आणि सोलापुरातील व्यवस्था

पाळी सुरू झालेल्या प्रत्येक मुलीची, ती विवाहित असो वा नसो, मूत्राची गर्भचाचणी करणे हा नियम आहे. तो लावताना शंकेचा सूर असू नये. अविवाहित मुलींत सोनोग्राफी पोटावरूनच, भरलेल्या मूत्राशयासह करतात. मात्र मूत्राशय भरण्याची वाट पाहण्यात पीळ पडलेल्या रुग्णाचे तास जाऊ देऊ नयेत.

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके असून करमाळ्यासारखा तालुका शहरापासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. लोक ज्याला नुसते ‘सिव्हिल’ म्हणतात ते श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, १९६३ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे, आणि जिल्ह्याबाहेरील, तसेच कर्नाटकच्या सीमेवरील रुग्णही तेथे येतात. ग्रामीण दवाखान्यात वेदनाशामक इंजेक्शन देण्यात काही गैर नाही. त्याने निदान झाकले जाते ही जुनी समजूत आहे. इंजेक्शनाने बरे वाटले म्हणून पुढे न पाठवणे हे मात्र चूक ठरते. एका बाजूची अचानक कळ आणि उलट्या असलेल्या मुलीला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे आणि पाठवणीच्या चिठ्ठीवर दुखणे सुरू झाल्याची वेळ लिहावी.

अठरा वर्षांखालील मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पालकांची संमती लागते. ती गर्भवती आढळल्यास २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या) कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मात्र मुलीने आणि तिच्या पालकाने तशी विनंती केल्यास गर्भपातासंबंधी दिल्या जाणाऱ्या या माहितीत डॉक्टरांना तिची ओळख उघड करावी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.