सोलापूरला समुद्र नाही, पण सोलापूरचा पाऊस समुद्रातूनच येतो की

आमच्या सोलापुरात समुद्राचा विषय काढला की लोक म्हणतात, इथं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी अन् तुम्ही समुद्राचं काय घेऊन बसलाय ओ. पण ऑक्टोबर 2020 आठवा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, 13 तारखेला काकीनाड्याजवळ जमिनीवर चढला, तेलंगणा-उत्तर कर्नाटक करत आपल्या डोक्यावर आला. शेतं खरवडून गेली, पंढरपुरात घाटाची भिंत पडून माणसं गेली, आणि तीच सिस्टीम पुढं सरकून अरबी समुद्रात उतरली.

हे असं का होतंय, तर कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंमुळं पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकतीय त्यातली 90 टक्क्यांच्या वर समुद्रानं गिळलीय. उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर 1951 ते 2015 मधे साधारण 1 डिग्रीनं तापला, आणि हवा 1 डिग्री तापली की जवळपास 7 टक्के जास्त वाफ धरू शकते, त्यामुळं पाऊस पडला की ओततो, नाहीतर मधे नुसतं कोरडं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 ला दाखवलं की मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना 1950 पासून तिप्पट झाल्यात, आणि त्यातली बरीच वाफ अरबी समुद्राची.

मग हा समुद्र सांभाळतं कोण? इथंच सगळा घोळ आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत मासेमारी राज्याकडं, पुढं 200 मैलांपर्यंत केंद्राकडं, खारफुटी वनखात्याकडं, बंदरं आणखी कुणाकडं, हवामान पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडं. पाणी तापलं की मासा थंड पाण्याकडं नाहीतर खोल सरकतो, त्याला 12 मैलांची रेघ कोण दाखवणार.

2021 मधे केंद्रानं ब्लू इकॉनॉमीचा, म्हणजे समुद्रावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेच्या धोरणाचा मसुदा काढला, त्यात पर्यटन, मासेमारी, लॉजिस्टिक्स, खोल समुद्रातलं खाणकाम, सगळं आहे, पण माझ्या मते कमाईचा विचार जास्त अन् तापणाऱ्या पाण्याचा कमी. त्याच वर्षी डीप ओशन मिशन, म्हणजे खोल समुद्राच्या अभ्यासाची केंद्राची योजना, मंजूर झालं. त्यात हवामानबदलाचे अंदाज देण्याचाही एक भाग आहे, आपल्या डाळिंबवाल्याला खरा उपयोग त्याचा, पण बातम्या येतात त्या माणसं घेऊन 6000 मीटर खोल जाणाऱ्या मत्स्य-6000 या पाणबुडीच्या. चालायचंच.

खारफुटीचं मात्र महाराष्ट्रात बरं चाललंय म्हणायचं. 2005 ला मुंबई हायकोर्टानं तोडीवर बंदी घातली, 2012 ला खारफुटीसाठी वेगळा कांदळवन कक्ष झाला. त्या चिखलात कार्बन शेकडो वर्षं पडून राहतो, वर लाटाही अडतात. दुसरीकडं 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमात दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 वर आणला. समुद्र वर चढत असताना आपण खाली सरकतोय, हे काय मला पटत नाही.

आणि आपलं पाणी जातं कुठं तेही बघा. पुण्याकडचं सांडपाणी उजनीत, पुढं भीमेत आपलंही मिसळतं, मग कृष्णा, मग बंगालचा उपसागर. सीआरझेड नदीतही लागतो, पण भरतीचं खारं पाणी जिथवर शिरतं तिथवरच. त्याच्या वरच्या सगळ्या नदीला 1974 चा जल प्रदूषण कायदा, ज्याची प्रदूषण नियंत्रण मंडळं वेगळी, अन् भीमा-कृष्णेच्या वाटेवर तर राज्यंही चार.